कोल्हापुरी चपला घेऊन सूरजकुंडला जाताना

मिरजेहून गोवा एक्स्प्रेसने हजरत निजामुद्दीन, तिथून गुलाबी मेट्रोने लाजपत नगर, मग जांभळ्या मार्गिकेने बदरपूर बॉर्डर आणि शेवटचा टप्पा रिक्षाने. फरीदाबादजवळचा सूरजकुंडचा हा हस्तकला मेळा १९८७ पासून भरतो. २०१९ साली महाराष्ट्र त्याचं थीम राज्य होतं. जाणं अवघड नाही. कारागीर अडतो तो कागदांपाशी.

मूळ अट एकच: बनवणाऱ्यानेच मांडायचं. स्टॉल ज्याच्या नावावर, त्याच्याच नावाचं हस्तशिल्प आयुक्तालयाचं पहचान कार्ड (कारागीर असल्याचं ओळखपत्र) हवं आणि त्यावरची कलाही चर्मकलाच हवी. कार्ड एकाचं, बसणार दुसरा, माल तिसऱ्याचा, हे चालत नाही, चालूही नये. व्यापाऱ्याच्या रेक्झिनच्या तयार जोड्या शेजारी लागल्या की खऱ्या जोडीचा भाव पडतो. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकचे चार जिल्हे येतात. पाटीवर मानांकनाचं चिन्ह लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी आधी करून घ्या. गाव त्या जिल्ह्यात आहे एवढ्यावर भागत नाही.

हस्तकलेचा माल परराज्यात नेऊन विकणाऱ्याला, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर, जीएसटी नोंदणीतून सूट आहे. पण पॅन लागतो, आणि ई-वे बिल (माल वाहून नेण्याचा ऑनलाइन जीएसटी परवाना) माल पाच हजारांचा असला तरी काढावंच लागतं. एरवीची ५० हजारांची मर्यादा इथे लागू नाही, आणि नेमकी इथेच बहुतेकांची गफलत होते. रेल्वे पार्सलला ते बिल गाडी सुटल्यावर काढलं तरी चालतं, पण ते दाखवल्याशिवाय निजामुद्दीनला माल ताब्यात मिळत नाही. बिलाची छापील प्रत जवळ ठेवा.

बांधणी नीट करा. झाडपाल्यात कमावलेलं चामडं ओल धरतं. प्लास्टिकमध्ये कोंडलं की चपलेच्या कानांच्या (बाजूच्या पट्ट्यांच्या) घडीत पांढरी बुरशी येते. प्रत्येक जोडी वर्तमानपत्रात, मग कापडी पिशवीत, बाहेरून बारदान. फेब्रुवारीत तिकडे रात्री दव पडतं, म्हणून माल जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. ओलसर जोडी सावलीत वाळवा. कडक उन्हात तळ वाकतो. माप तळावर आधीच लिहून न्या. हाताची जोडी नंबराला थोडी पुढेमागे असते, तेव्हा पायात घालून बघायला छोटं बाकडं हवंच.

प्रात्यक्षिकासाठी रापी (चामडं कापायचं पातं), आरी (भोकं पाडायचं टोचं), हातोडी, कापून ठेवलेले तळ, वाद्या (चामड्याच्या बारीक पट्ट्या) आणि पाण्याची बादली एवढं पुरे. थंडीत चामडं भिजायला वेळ लागतो, म्हणून तळ आदल्या रात्रीच ओल्या फडक्यात गुंडाळा. थबथबीत मात्र नको. वादी ओढताना भोक फाटतं. पट्ट्याची वेणी घालताना लोक सर्वांत जास्त थांबतात, तेव्हा गर्दीच्या वेळी तेच काम हातात घ्या. खिळा न ठोकता वादीने शिवलेला तळ उलटा करून दाखवला की भावाची घासाघीस कमी होते.

शनिवार-रविवारी मोबाइलचं नेटवर्क अडकतं आणि यूपीआय खोळंबतं. सुट्टे पैसे ठेवा. उरलेला माल परत धाडतानाही नवं ई-वे बिल लागतं. शेवटच्या दिवशी शिल्लक जोड्या मोजूनच ते काढा, नाहीतर आकडा आणि माल जुळत नाही.