मुलांना परक्यांच्या हवाली केलं तरी कसं?

लंडनला आमच्याकडे पाहुणे आले की एखाद्या संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला तो फोटो दिसतोच: रेल्वे स्टेशनवर रांगेत उभी मुलं, कोटाला नाव लिहिलेली चिठ्ठी, खांद्यावर गॅसमास्कची पेटी. मग प्रश्न ठरलेला. "पोटची पोरं अनोळखी घरात पाठवणारे हे आईबाप कसले?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगते.

माया नव्हती म्हणून पाठवली, हे मला मुळीच पटत नाही. १९३७ साली स्पेनमधलं गेर्निका शहर विमानांनी बेचिराख केलं होतं. युद्ध पेटलं की लंडनवर लगेच बॉम्ब आणि विषारी वायू पडणार, असं सरकारच गृहीत धरून बसलं होतं. १ सप्टेंबर १९३९ पासून तीन दिवसांत सुमारे १५ लाख लोक शहरांतून खेड्यांकडे हलवले गेले. त्यात शाळकरी मुलं सर्वांत जास्त. आईवडिलांवर सक्ती नव्हती, निम्म्याहून अधिक घरांनी मुलं पाठवलीही नाहीत. सक्ती होती ती गावातल्या घरमालकांवर, मुलं ठेवून घेण्याची. मूल नेमकं कुठे पोहोचलं, हे आईला त्याचं पोस्टकार्ड आल्यावरच कळायचं.

मला सर्वांत खुपतो तो गावच्या सभागृहातला प्रसंग. दिवसभराच्या प्रवासाने मळलेली, भुकेली मुलं एका बाजूला उभी आणि गावकरी त्यांतून निवड करताहेत. शेतावर उपयोगी पडेल असा दणकट मुलगा, नीटनेटकी मुलगी लगेच उचलली जाई. भावाचा हात न सोडणारी धाकटी बहीण मागे राही. शेवटी उरलेल्यांना अंधारात दारोदार फिरवत. ठेवून घेणाऱ्याला सरकारकडून एका मुलामागे आठवड्याला १० शिलिंग ६ पेन्स मिळत, जास्त मुलं घेतली तर प्रत्येकी ८ शिलिंग ६ पेन्स. काहींना तिथे जन्मभराची माया मिळाली, काहींना नुसतं राबवून घेतलं. रात्री अंथरूण ओलं झालं की आईच्या वळणाला नावं ठेवली जात. ते पोर घाबरलेलं आहे, हे फार थोड्यांना सुचलं.

शहरातलं दारिद्र्य मात्र सुखवस्तू घरांनी त्या वेळी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. १९४० मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना रोज पाइंटभर (अर्ध्या लिटरहून थोडं जास्त) दूध स्वस्तात, गरिबांना फुकट मिळू लागलं. त्या सरकारचं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

बॉम्ब पडेनात, तेव्हा आयांना राहवेना. जानेवारी १९४० पर्यंत जवळपास निम्मी मुलं परतली. "मुलांना आहेत तिथेच राहू द्या" असं विनवणारी सरकारी पोस्टर्स लागली, त्यांत हिटलर आईच्या कानाशी "परत घेऊन जा" असं कुजबुजताना दाखवला होता. आणि ७ सप्टेंबर १९४० ला लंडनवर बॉम्बहल्ले सुरू झाले, ते सलग ५७ रात्री.

मग मुलांना समुद्रापार पाठवावं, तर १७ सप्टेंबरला कॅनडाकडे निघालेलं 'सिटी ऑफ बनारस' हे जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं. सरकारी योजनेतून जाणाऱ्या ९० मुलांपैकी ७७ मृत्युमुखी पडली. जहाजावरचे बरेच खलाशी हिंदुस्थानी होते. एका जीवनरक्षक नौकेत सहा मुलगे त्यांच्याबरोबर आठ दिवस अटलांटिकवर तग धरून राहिले आणि वाचले. त्यानंतर मुलांना परदेशी पाठवण्याची ती योजनाच सरकारने बंद केली.