तुम्ही विचारलंत म्हणून: भाज्या घातलेला बेक्ड पास्ता पाणचट का होतो?

"तुमच्याकडचा बेक्ड पास्ता छान होतो, मी भाज्या घालून केला की खाली पाणी सुटतं, आणि हेल्दी करायचा तर चीज बंदच करायचं का?" हे मला इतक्या जणींनी विचारलंय, कोणी भिशीत, कोणी लिफ्टमध्ये, कोणी ऐन स्वयंपाकाच्या वेळेला फोन करून, की आता एकदा नीट लिहूनच टाकते.

चीज बंद करू नका. आधी भाज्यांतलं पाणी घालवा, बाकीचं नंतर.

होतं काय, की हेल्दी म्हणजे बटर काढा, चीज काढा आणि भाज्या वाढवा एवढंच डोक्यात असतं आणि मग जेमतेम परतलेला फ्लॉवर, सिमला मिरची, मशरूम थेट सॉसमध्ये जातात, त्यांचं पाणी ओव्हनमध्ये सुटतं पण सॉसखाली त्याला उडून जायला वाव नसतो, चव पाणचट होते, घरचे म्हणतात नको तुझं ते हेल्दी, आणि पुढच्या वेळी आपणच दुप्पट चीज घालतो. म्हणून भाज्या आधी वेगळ्या भाजून घ्यायच्या. ट्रेमध्ये एका थरात, एकमेकींवर चढवायच्या नाहीत, चमचाभर तेल चोळून, 200 डिग्रीला कडा तपकिरी होईपर्यंत. वांगं तर असंच करा, तळायला घेतलंत तर ते तेल पीतच राहतं. मशरूम कोरड्या गरम पॅनमध्ये टाका, तेल नाही, मीठ नाही, आधी भरपूर पाणी सुटेल, ते पूर्ण आटलं की चुरचुर आवाज यायला लागतो, मग तेलाचे दोन थेंब आणि मीठ. पालक वाफवून मुठीत घट्ट पिळायचा, हिरवं पाणी निघायचं थांबेपर्यंत (ते पाणी कणकेत जाऊ दे).

आता सॉस. नेहमीचा व्हाइट सॉस म्हणजे बटर, मैदा, दूध आणि वर चीज. मी त्याऐवजी लाल भोपळा घेते. 100 ग्रॅम बटरमध्ये 700 च्या वर कॅलरीज असतात आणि तेवढ्याच भोपळ्यात 30 सुद्धा नाहीत, पण मी तो कॅलरीसाठी नाही, चवीसाठी घालते हे मनापासून सांगते. भोपळ्याच्या फोडी आणि सालासकट लसणाच्या सात-आठ पाकळ्या त्याच ट्रेमध्ये भाजायच्या, लसूण आतून मऊ झाला की सालातून दाबून काढायचा, दोन्ही मिक्सरला फिरवायचं, कपभर दूध, मिरपूड, मीठ आणि जायफळ किसून. जायफळ विसरू नका, भोपळ्याचा गोडवा त्यानेच आवरतो. सॉस पातळ पिठल्याइतका सैल हवा, तुम्हाला वाटेल फारच पातळ झाला, तरी राहू दे, पास्ता ओव्हनमध्ये तो पिऊन घेतो.

त्याच कारणाने पास्ता पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटं आधी काढायचा, मध्ये थोडा कच्चटच हवा. आणि पाकीट उलटं करून घटक वाचा, ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेलं घ्या, मैद्याचा नको, तो बेक केल्यावर लगदा होतो. इटलीत तर 1967 पासून कायदाच आहे, तिथे बनणारा सुका पास्ता ड्युरमचाच लागतो. होल व्हीटचा पास्ता मुलं खात नसतील तर सक्ती करू नका, अर्धा-अर्धा मिसळा. खरा फरक प्रमाणाने पडतो: 250 ग्रॅम कोरडा पास्ता असेल तर भाज्या कच्च्या मोजून 700-800 ग्रॅम. बघायला ढीग वाटतो पण भाजल्यावर बसतो. भाज्या घालणं ही काही डाएटवाल्यांनी काढलेली युक्ती नाही हो, सिसिलीत वांगं घालून बेक केलेला पास्ता सणासुदीला करतात. मूठभर उकडलेले काबुली चणे घातलेत तर पोटभरीचं होतं.

चीजचं माझं ठाम मत आहे की ते आत मिसळूच नये. आत गेलं की दिसत नाही, कळत नाही, म्हणून आपण घालतच जातो. एवढ्या पास्त्याला 60-70 ग्रॅम पुरतं, पण सगळं वर, कारण पहिल्या घासाला जिभेला तेच लागतं. त्यावर शिळ्या ब्राऊन ब्रेडचा चुरा, तीळ आणि थोडं तेल हाताने चोळून पसरायचं. ओटीजी 200 ला आधीच तापवून घ्या, वीस मिनिटं, शेवटची पाच मिनिटं फक्त वरचा रॉड. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नका, कितीही घाई असली तरी, लगेच कापलात तर सॉस वाहतो आणि तुम्ही परत मला फोन करता!

ओव्हनच नाही असंही बऱ्याच जणी म्हणतात. भाज्या आणि भोपळा लोखंडी तव्यावर मोठ्या आचेवर थोड्या-थोड्या भाजा, एकदम सगळ्या टाकल्या की वाफेवर शिजतात. मग जाड बुडाच्या कढईत पास्ता, सॉस, भाज्या, वर चीज, झाकण, मंद आच, दहा मिनिटं. वरून तो तपकिरी होणार नाही, म्हणून ब्रेडचा चुरा आणि तीळ वेगळे कुरकुरीत परतून ठेवायचे आणि वाढताना वर घालायचे, आधी घातले तर वाफेने मऊ पडतात.