खाडी तीच, हद्द मात्र बदलते

आई कळव्याला राहते, मी ऐरोलीला. विटावा ओलांडलं की आलंच, ट्रॅफिक नसेल तर रिक्षानेसुद्धा चटकन पोचतो. पण लोकसभेला तिचा खासदार वेगळा, माझा वेगळा, कारण कळवा कल्याण मतदारसंघात आणि ऐरोली ठाण्यात. आणि माझ्याच ठाणे मतदारसंघात मीरा-भाईंदर आहे, जे येऊरच्या डोंगरापलीकडे, तिथे जायचं तर मला अख्खा घोडबंदर रोड करावा लागतो! २००८ च्या फेररचनेपासून हे असंच चाललंय.

आई भाजीला जांभळी नाक्यावर येते, म्हणजे खाडी ओलांडूनच. गेल्या रविवारी मी पण तिच्यासोबत होतो, भरती होती, कळवा पुलाखाली पाणी काठोकाठ आणि पुढे ठाण्याच्या जेलची ती दगडी भिंत. आई म्हणाली, "हा किल्ला होता ना रे आधी?" होता. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ ला मराठ्यांनी घेतला, आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. इंग्रजांना भीती होती की पोर्तुगीज परत येऊन साष्टी, म्हणजे ठाणं ज्यावर आहे ते बेट, घेतील, आणि ठाणं ज्याच्या हातात त्याच्या हातात साष्टीचा दरवाजा, कारण खाडी इथे अगदी अरुंद होते, समोरच्या काठावरचा माणूस दिसतो इतकी. मग १७८२ ला सालबाईचा तह झाला, साष्टी इंग्रजांकडेच राहिली आणि समोरचं कल्याण मराठ्यांकडे. म्हणजे आई जिथून पिशवी घेऊन निघते ते एक राज्य आणि जिथे मेथी घेते ते दुसरं, मध्ये फक्त ही खाडी. मला हे पुलावर उभं राहून जेवढं कळलं तेवढं शाळेत कधी कळलं नव्हतं.

नंतर त्याच खाडीवर १८५४ ला रेल्वे आली कल्याणपर्यंत, आणि हद्द होती ती वाट झाली. पाणी तेवढंच, चिखल तोच. नवी मुंबईचंही तसंच, १९७० ला सिडको, म्हणजे हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, झाली, १९७३ ला वाशीचा पूल झाला, मिठागरं आणि भातशेती होती तिथे शहर उभं राहिलं. पण मंत्रालय काही इकडे आलं नाही, ते नरिमन पॉइंटलाच राहिलं, त्यामुळे ऑफिसेसची ओढ कित्येक वर्षं दक्षिणेकडेच राहिली आणि आपण लोकलला लटकत राहिलो. सरकार कुठे बसतं यावर गर्दी कुठे वाहते हे ठरतं, मला तरी हे अगदी स्पष्ट दिसतं.

म्हणून मतदारसंघाची रेघ मला कागदावरची बाब वाटत नाही. विटाव्यात तुंबणाऱ्या पाण्याचा त्रास आई आणि मी दोघंही भोगतो, पण दिल्लीत त्यासाठी बोलणारी माणसं दोन, आणि त्यातल्या एकाला त्याच वेळी भाईंदरच्या खाडीचंही बघायचंय. लोकसंख्या सारखी विभागायची म्हणून रेघा ओढतात हे मान्य, पण माणसं रोज कुठल्या पुलावरून जातात हेही बघायला हवं ना!

पुढची फेररचना २०२६ नंतरच्या जनगणनेवर होणार आहे. मसुदा जाहीर झाला की लोकांकडून हरकती मागवतात. मी आत्तापासून लिहून ठेवतोय, आणि सही आईचीही घेणार आहे.