लिस्बनमध्ये दोन दिवस: सिंत्रा सोडा, चढ टाळा, बेलेमला वेळ द्या

लिस्बनला शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र एवढ्याच वेळात काय बघायचं आणि मुख्य म्हणजे काय सोडायचं यावर लिहितेय. निघायच्या आधी जे जे वाचलं त्यात सगळ्यांनी दोन दिवसांत किल्ला, नदीकाठचं बेलेम, बाहेरगावचं सिंत्रा, समुद्रकाठचं काश्काइश आणि वर रात्री फादोची गाणी असं सगळं कोंबलेलं होतं, वाचूनच पाय दुखायला लागले. आम्ही तिघं होतो, मी, नवरा आणि आई. आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे नेदरलँड्सला आलीय, वय सत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरतात, पक्की शाकाहारी, अंडं केकमध्ये असेल आणि कोणी सांगितलं नाही तर चालतं. अशी माणसं बरोबर असतील तर सिंत्रा सरळ काटा. रोसिओ स्टेशनवरून ट्रेनने चाळीस मिनिटांवर आहे हे खरं, पण पुढे बसची गर्दी, पेना पॅलेसचं ठरावीक वेळेचं तिकीट, परत चढ, पूर्ण दिवस जातो. तीन दिवस असतील तर जा, दोनात नको.

आधी व्हिसाचं. आईचा डच शेंगेन व्हिसा पोर्तुगालला चालतो, सिंगल एन्ट्री असला तरी, कारण आपण शेंगेनच्या बाहेर जातच नाही. पण स्वस्त मिळतंय म्हणून लंडनमार्गे तिकीट काढू नका, तिथे शेंगेनबाहेर पडलात की सिंगल एन्ट्री संपली. आतल्या विमानाला इमिग्रेशन नसतं तरी पासपोर्ट, रेसिडेन्स कार्ड आणि इन्शुरन्सचा कागद जवळ ठेवा. यूकेत राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांनी आधी व्हिसाच्या अपॉइंटमेंटचं बघा, मग विमानाचं. आणि नेदरलँड्सहून निघालात तर घड्याळ एक तास मागे करायचंय हे लक्षात असू द्या.

एअरपोर्ट शहरातच आहे म्हटलं तरी चालेल. मेट्रोची लाल लाइन एअरपोर्टवरून निघते, अलामेडाला उतरून हिरवी पकडायची की रोसिओ किंवा बायशा-शियादु. मशीनमधून नावेगांते नावाचं कार्ड घ्यायचं, अर्ध्या युरोचं, माणशी एक लागतं, एकाच कार्डावर तिघं जाता येत नाही. त्यात चोवीस तासांचा पास भरला (सात युरोच्या आसपास) की मेट्रो, बस, ट्राम सगळं होतं. बॅगा जास्त असतील तर टॅक्सी करा, अंतर कमी आहे त्यामुळे फार लागत नाही.

राहायला बायशात, म्हणजे शहराच्या मधल्या भागात बघा. आल्फामा ही जुनी वस्ती फोटोत फार गोड दिसतं, दोरीवर वाळत घातलेले कपडे, टाइल्स, मांजरं वगैरे, पण तिथल्या अर्ध्या गल्ल्या म्हणजे पायऱ्या आहेत आणि गाडी दारापर्यंत जात नाही. आमच्या डोळ्यांसमोर एक जोडपं दोन मोठ्या सुटकेसा घेऊन अर्ध्या जिन्यात थांबून एकमेकांशी अजिबात न बोलता उभं होतं, ते बघून आई म्हणाली, "यांचं बुकिंग नवऱ्याने केलेलं दिसतंय." बायशा सपाट आहे. फक्त बुक करताना लिफ्ट आहे का ते विचारा, जुन्या बिल्डिंगा आहेत, चौथा मजला म्हणजे खरोखर चौथा मजला. शिवाय सिटी टॅक्स माणशी रात्रीला ४ युरो, बुकिंगच्या रकमेत तो नसतो बऱ्याचदा.

हा भाग सपाट आणि सरळ रेषेत का आहे ते कळलं की शहर बघायला मजा येते. १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी, ऑल सेंट्स डेला, लोक चर्चमध्ये असताना मोठा भूकंप झाला, मग नदीतून त्सुनामी, आणि चर्चमधल्या मेणबत्त्या नि घरातल्या चुली यांनी लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. राजा जोसे पहिला, पण कारभार हातात घेतला त्याच्या मंत्र्याने, ज्याला पुढे मार्किस द पोंबाल म्हणतात. त्याने बायशा काटकोनात आखून नव्याने बांधलं आणि घरांच्या भिंतींच्या आत लाकडी सांगाडा घातला, तिरक्या फुल्या फुल्यांचा, भूकंपात हलला तरी पडू नये म्हणून. एका दुकानात भिंतीचा तेवढा तुकडा मुद्दाम उघडा ठेवलाय, नवरा सिव्हिलवाला, तो तिथे एवढा वेळ उभा राहिला की दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक आहे. असं सांगतात की सांगाड्याची टेस्ट घ्यायला त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवलं होतं.

आता चढाचं. लिस्बनमध्ये एकच नियम पाळा, वर वाहनाने जा, खाली चालत या. किल्ल्यावर जायला प्रासा दा फिगेइरा चौकातून ७३७ नंबरची छोटी बस आहे, ती जवळजवळ दारात सोडते. आणि तीही नको असेल तर रुआ दुश फांकेइरुश रस्त्यावर एका बिल्डिंगमध्ये सार्वजनिक लिफ्ट आहे, फुकट, वर निघालं की थोडं पुढे सुपरमार्केटच्या बिल्डिंगमध्ये दुसरी, तिने अजून वर. तसंच बायशा-शियादु मेट्रो स्टेशनचं एक तोंड खाली बायशात आहे आणि दुसरं वर शियादुच्या चौकात, मधे लांबच लांब सरकते जिने, अख्खी टेकडी त्यांच्यावर चढून होते (बंद नसले तर!). चढावर केबलने ओढल्या जाणाऱ्या पिवळ्या गाड्यांच्या भरवशावर मात्र प्लॅन करू नका, २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्यातल्या ग्लोरिया नावाच्या गाडीचा भयंकर अपघात झाला, त्यात माणसं गेली, त्यानंतर त्या गाड्या थांबवल्या होत्या, काय चालू आहे ते निघण्याआधी बघून घ्या.

किल्ल्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. तिकीट महाग, रांग मोठी, आणि आज दिसणारी तटबंदी बरीचशी १९३८ ते ४० च्या सुमारास डागडुजी करून उभी केलेली. रायगड-राजगड पाहिलेल्या माणसाला फार काही वाटत नाही, मोर मात्र छान आहेत. दृश्यच बघायचं असेल तर सांता लुझियाचा कठडा फुकट आहे, खाली आल्फामाची कौलं आणि पुढे तेजो नदी, समुद्रच वाटावा एवढी रुंद. तिथून आल्फामातून उतरत से म्हणजे मुख्य कॅथेड्रलपर्यंत या. बूट रबरी सोलचेच घाला. फुटपाथ सगळे पांढऱ्या चुनखडीच्या बारीक चौकोनी दगडांचे, वर्षानुवर्षं पायांनी घासून गुळगुळीत झालेले, चार थेंब पडले की साबण. आईला काठी घ्यायला लावली, तिने वाटभर नाराजी दाखवली पण सोडली नाही.

कॅथेड्रलच्या अगदी शेजारी आल्झुबे म्युझियम आहे, यादीत हे फार कमी लोक घालतात, तुम्ही घालाच. सालाझारच्या हुकूमशाहीत राजकीय कैद्यांचा तुरुंग होता, २०१५ पासून म्युझियम. आत कोठड्या करून दाखवल्यात, हात दोन्हीकडे पसरता येणार नाहीत एवढ्या. आई मूळची सांगलीची, त्यामुळे गोवा मुक्तिसंग्रामातले मोहन रानडे हे नाव तिला लहानपणापासून पाठ, १९५५ मध्ये पकडले गेले, गोव्यातून इकडे पोर्तुगालला आणले आणि लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगात ठेवले, सुटले ते १९६९ मध्ये. म्हणजे १९६१ ला गोवा स्वतंत्र झाला तरी हा माणूस इथेच. सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी किती धडपड केली ते आई सांगत होती. म्युझियममधल्या कोठडीसमोर ती बराच वेळ उभी होती, मग एवढंच म्हणाली, "इथली थंडी कशी काढली असेल रे." बेलेमला जाताना जी काश्काइशची ट्रेन पकडतो तीच पुढे काशियाशला थांबते.

तिथून नदीकडे उतरलं की काझा दुश बिकुश, दर्शनी भिंतीवर हिऱ्यासारखे टोकदार दगड बसवलेलं घर. गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द आल्बुकर्कच्या मुलाने १५२३ च्या सुमारास बांधून घेतलं. पुढे प्रासा दु कोमेर्सिओ, मोठा चौक, फोटो काढा आणि निघा, आजूबाजूची हॉटेलं टुरिस्टांसाठीच आहेत. इथे आणि बायशात कोणी जवळ येऊन हळूच "हशीश?" विचारेल, घाबरू नका, नको म्हणून पुढे चला, बहुतेक वेळा तो माल नसतोच, कसला तरी वाळवलेला पाला असतो.

संध्याकाळी कार्मो. भूकंपात छप्पर पडलेलं चर्च तसंच ठेवलंय, कमानी वर आणि त्यांच्यावर थेट आकाश. त्याच चौकातल्या बराकीत २५ एप्रिल १९७४ ला पंतप्रधान मार्सेलो काएतानोने शरणागती पत्करली आणि हुकूमशाही संपली. पोर्तुगालने गोवा भारताचा हे कागदावर मान्य केलं तेही त्यानंतरच, १९७४ च्या डिसेंबरात. सांता जुश्ता नावाची जुनी लोखंडी लिफ्ट चालू असली तरी तिच्या खालच्या भल्यामोठ्या रांगेत उभं राहू नका, कार्मोच्या बाजूने त्याच लिफ्टच्या पुलावर चालत जाता येतं.

आणि हो, २८ नंबरची ट्राम. दिवसा तिच्यात चढणं म्हणजे साडेआठची विरार लोकल, फरक एवढाच की इथे खिसेकापू जास्त निवांत काम करतात. अगदी सकाळी जा, किंवा कांपु द ओरीक या दुसऱ्या टोकाने बसा, नाहीतर बाहेरून फोटो काढून समाधान माना. १२ नंबरची ट्राम छोटा फेरा मारते, तशीच जुनी पिवळी गाडी, गर्दी कमी.

खाण्याचं सांगते. बसल्या बसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात, ते फुकट नसतं, खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर लगेच परत द्या, कोणी वाईट वाटून घेत नाही. नवरा बाकालाउवर, म्हणजे खारवलेल्या कॉडवर खूश होता, अंडं आणि बटाट्याच्या सळ्या घालून करतात ते आ ब्राश तर दोनदा मागवलं. शाकाहारी लोकांनी सूप मागवा, पण काल्दु व्हेर्द या हिरव्या पानांच्या सूपमध्ये वर शोरिसोचा म्हणजे डुकराच्या सॉसेजचा तुकडा असतो, आधीच सांगून ठेवा. कॅफेच्या काचेत शामुसा दिसतील, आपल्या समोशाचेच भाऊ, गोवा-मोझांबिकमार्गे आलेले, पण आत बहुतेक वेळा बीफ किंवा चिकन, विचारल्याशिवाय तोंडात घालू नका. आईला दुसऱ्या दिवशी वरणभाताची आठवण झालीच, मग मार्तिम मोनिझ चौक गाठला, तिथल्या गल्लीत बांगलादेशी, भारतीय, नेपाळी सगळी दुकानं, डाळ-भात मिळाला आणि कडीपत्तासुद्धा.

रविवारी बेलेम. १५ नंबरची ट्राम सगळेच पकडतात, तुम्ही काइश दु सोद्रे स्टेशनहून ट्रेन घ्या, दहा मिनिटांच्या आत पोचते आणि बसायला जागा. रविवारी सकाळी जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये मिस्सा (प्रार्थना) असते, त्यामुळे आधी नदीकाठ करा. पाद्राओ या दर्यावर्दींच्या स्मारकासमोर जमिनीवर दगडात जगाचा मोठा नकाशा आहे, पोर्तुगीज कुठे कधी पोचले ती सालं घालून, लोक भारतावर उभे राहून सेल्फी काढतात. आईने चपलेच्या टोकाने कोकण दाखवून नवऱ्याला विचारलं, "चिमाजीअप्पांनी वसई घेतली ते १७३९ कुठे लिहिलंय?" कुठेच नाही अर्थात. वसईहून आणलेली चर्चची घंटा मेणवलीच्या घाटावर लटकते, तेवढा हिशोब आपल्याकडे आहे.

मठ सोमवारी बंद असतो, इतर दिवशी तिकीट ऑनलाइन काढा, पण चर्चला तिकीट नाही, आणि वास्को द गामाची कबर चर्चमध्येच आहे, आत शिरल्यावर डावीकडे, समोर उजव्या हाताला पोर्तुगीज कवी कामोंइशची. गामा वारला १५२४ मध्ये कोचीनला, अवशेष १५३९ मध्ये पोर्तुगालला आणले, या चर्चमध्ये आले ते १८८० मध्ये. कबरीवर गामाची आडवी मूर्ती, हात जोडलेले, बाजूला जहाज कोरलेलं. वर छताकडे बघा, खांब ताडासारखे वर जाऊन फांद्या फुटल्यासारखे पसरतात, दगडात दोरखंड आणि गाठी कोरल्यात. हे सगळं मसाल्याच्या पैशावर उभं राहिलं, आपल्या किनाऱ्यावरची मिरी. राग येतो आणि डोळेही निवतात, दोन्ही एकदम.

बाहेर पस्तेइश द बेलेमचं दुकान, १८३७ पासूनचं. फुटपाथवरची रांग पार्सलची असते, आत टेबलांची भरपूर दालनं आहेत, बसून खायचं असेल तर सरळ आत शिरा. गरम असतानाच वर दालचिनी भुरभुरवून खा. आईने दोन खाल्ले आणि अंड्याबद्दल काही विचारलं नाही.

परतीचं एक लक्षात ठेवा, बऱ्याच स्वस्त एअरलाइन्स टर्मिनल २ वरून सुटतात आणि मेट्रो टर्मिनल १ ला सोडते. मधली शटल बस फुकट आहे पण रविवारी संध्याकाळी ती भरून येते, अर्धा तास जास्तीचा धरा. टर्मिनल २ मध्ये खायलाही यथातथाच, पोटभर खाऊनच निघा.