क्लब-बॉलचं पान: पांढऱ्या रंगाने घोटाळा केला

जोसेफ स्ट्रटच्या इंग्लंडच्या जुन्या खेळांवरच्या पुस्तकातलं (पहिली आवृत्ती १८०१) क्लब-बॉलचं, म्हणजे दांडू-चेंडूच्या एका जुन्या खेळाचं, सुटं छापील पान माझ्याकडे आहे; त्यावरचा रंग जुना नाही. निदान त्यातला पांढरा तरी नाही, आणि आता त्या एका पांढऱ्यापायी बाकीच्या रंगांवरही संशय घ्यायची वेळ आली आहे. माउंटिंगचं काम अर्थातच थांबलंय.

पान असं आहे. डावी-उजवीकडची बाकी चित्रं सोडा, आपल्याला हवी ती जोडी: बाई चेंडू टाकण्याच्या पवित्र्यात आणि समोर दांडू उगारलेला गडी. विक्रेत्याने वर्णनात 'हँड कलर्ड' एवढंच लिहिलं होतं. या दोन शब्दांना माझ्या लेखी शून्य किंमत आहे. हाताने रंगवलंय हे दिसतंच. कधी रंगवलं, ते बोला की! जुन्या बिनरंगी छापील चित्रावर नंतर रंग चढवला की ते पटकन खपतं, म्हणून हा उद्योग एकोणिसाव्या शतकापासून आजपर्यंत अखंड चालू आहे.

पान तांब्याच्या प्लेटवरूनच छापलंय, याबद्दल शंका उरलेली नाही. दहापट लूपखाली (भिंगाखाली) रेघा टोकाला निमुळत्या होत जातात, शाईचा उंचवटा तिरप्या उजेडात दिसतो, आणि कडेने प्लेटचा दाब बोटाला लागतो. पाठ कोरी आहे. विल्यम होनने १८३० मध्ये काढलेल्या याच पुस्तकाच्या आवृत्तीत लाकडावर कोरलेली छोटी चित्रं मजकुरातच बसवली होती, त्यामुळे तिच्यातून कापलेल्या चित्रामागे हटकून अक्षरं सापडतात. म्हणजे होन बाद. पण १८०१ की १८१० ची दुसरी आवृत्ती? ही दोन्ही तांब्याचीच. कागद उजेडावर धरला तर जलचिन्हात (कागद बनवतानाच उमटवलेल्या खुणेत) १, ८ आणि ० एवढे आकडे स्वच्छ दिसतात, आणि चौथ्या आकड्याच्या जागी कात्री चाललेली! कोण्या काळच्या बाइंडरने दोन मिलिमीटर कमी कापलं असतं तर आज माझा रक्तदाब जाग्यावर असता. (१७९४ नंतर इंग्रज कागदगिरण्या जलचिन्हात साल का घालू लागल्या, तर निर्यात होणाऱ्या कागदावरचा कर परत मिळायला साल असावं लागे. सरकारी नियमाने आपल्यासारख्यांचं भलं केल्याचं हे दुर्मीळ उदाहरण.)

मग अतिनील (यूव्ही) टॉर्च. नवीन येणाऱ्यांसाठी पुन्हा एकदा: ३९५ नॅनोमीटरवाली स्वस्त टॉर्च घेऊ नका. तिच्यातून जांभळा उजेड इतका सांडतो की सगळंच निळसर दिसतं आणि काय चमकतंय ते कळत नाही. ३६५ ची घ्या, पुढे काळी काच असलेली. खोली पूर्ण अंधारी करा, डोळ्यांना थोडा वेळ द्या.

कागद एकदम मंद, मळकट पिवळा. निळी-पांढरी झगझग कुठेही नाही, म्हणजे १९५० च्या आसपासपासून कागदात येऊ लागलेली चमक आणणारी रसायनं यात नाहीत. इथवर मी खूष होतो, चहाही टाकला होता. परत येऊन टॉर्च बाईच्या डोईवरच्या वस्त्रावर नेली, तर तिथला पांढरा हिरवट-पिवळा उजळून आला.

हे झिंक व्हाइटचं, म्हणजे जस्तापासून केलेल्या पांढऱ्याचं लक्षण. टिटॅनियमचा पांढरा या उजेडात काळवंडतो, तो असता तर पान थेट विसाव्या शतकात गेलं असतं. झिंकचा पांढरा जलरंगात नीट वापरता येऊ लागला तो विन्सर अँड न्यूटन या रंग कंपनीने १८३४ मध्ये 'चायनीज व्हाइट' नावाने तो बाजारात आणल्यावर. शिवाय १८०१ च्या सुमाराला पुस्तकांची पानं रंगवणारे लोक पांढऱ्यासाठी सहसा कागदच मोकळा सोडत. मुळात इथे पांढरा लावलाय हेच खटकायला हवं.

पण बाकीच्या रंगांचं काय? हिरवा पाठीमागे उतरलेला नाही. तांब्यापासून केलेला जुना हिरवा असता तर कागद करपून मागे तपकिरी डाग पडला असता. इथे बहुधा प्रशियन निळा आणि गॅम्बोज (पिवळा) एकत्र करून हिरवा केलाय, आणि ते दोन्ही रंग स्ट्रटच्या आधीपासून दुकानात होते. खालच्या कोपऱ्यात एक जुनी घडी आहे, तिथे बाईच्या झग्याचा निळा पोचतो. घडीत तुटलेले तंतू नंतर लावलेला रंग जास्त पितात आणि गडद रेघ उमटते. माझ्या लूपखाली घडीवर निळा गडद नाही, उलट घासून उडालाय. म्हणजे निळा आधी, घडी नंतर. पांढऱ्याचं नेमकं उलटं: तो एका बारीक खरचट्यावरून बिनदिक्कत गेलाय.

तर माझा सध्याचा अंदाज असा की मूळ रंग खरंच जुना आहे, आणि पुढे कोणीतरी डोईचं मळलेलं वस्त्र 'स्वच्छ' केलं. सुशोभीकरणाची हौस, दुसरं काय.

हे लिहिता लिहिता सुचलं: निळ्याबद्दल इन्फ्रारेडने आणखी काही कळू शकतं. प्रशियन निळा तिथे काळाच राहतो, अल्ट्रामरीन हा दुसरा निळा फिका पडतो. कृत्रिम अल्ट्रामरीन १८२८ च्या सुमारास गिमे या फ्रेंच रसायनज्ञाने बनवला, आणि त्याआधीचा, लाजवर्द दगडापासून केलेला खरा अल्ट्रामरीन इतका महाग की पुस्तकाच्या पानावर तो कोणी उधळणार नाही. निळा फिका पडला तर तो १८२८ नंतरचा असण्याची शक्यता वाढेल, पण जुनी नीळही तिथे फिकी पडते, त्यामुळे तेवढ्याने विषय संपणार नाही. एका जुन्या डिजिटल कॅमेऱ्यातला इन्फ्रारेड अडवणारा आतला फिल्टर काढून टाकायचा बेत आहे.

एक गोष्ट मात्र भलतीच गोड झाली. रंग तपासण्याच्या नादात स्ट्रटने हे चित्र जिच्यावरून घेतलं ती, ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने इंटरनेटवर ठेवलेली मूळ पोथी पुन्हा उघडली: क्रमांक बॉडली २६४, सिकंदराचा रोमान्स (त्याच्यावरचं कथाकाव्य). लिहून झाली १३३८ मध्ये, चित्रं पुरी झाली १३४४ मध्ये, जेहान द ग्रीजच्या हातून. स्ट्रटने बाईच्या मागचे क्षेत्ररक्षक स्वतः गाळलेत! मूळ चित्रात बायका आणि पुरुष चेंडू अडवायला टपून उभे आहेत. ते पुसट झाले होते म्हणून प्लेटवर घेतले नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय. इतका प्रामाणिक माणूस मला आवडतो. पण अशा चित्रांच्या बळावर त्याने क्लब-बॉलला क्रिकेटचा पूर्वज ठरवलं, आणि हे चित्र तर फ्लँडर्सकडच्या फ्रेंच पोथीतलं! इंग्लंडच्या खेळांचा पुरावा म्हणून ते मला जरा लंगडंच वाटतं.

त्यामुळे पूर्ण संच जमवायचा नाद आता सोडतोय. पुस्तकातल्या चाळीसेक प्लेटा (चित्रांची पानं) गोळा करायच्या म्हणजे कोणीतरी एकेक पुस्तक फोडत राहणार, आणि माझ्यासारखे गिऱ्हाईक त्यांना खतपाणी घालणार. त्यापेक्षा एकच खेळ घ्यायचा आणि तो तिन्ही अवतारांत शेजारी-शेजारी लावायचा: पोथीतलं पान (छापून), स्ट्रटची तांब्याची प्लेट, होनचं लाकडी चित्र. होनचं आंधळ्या कोशिंबिरीचं चित्र आधीच माझ्याकडे आहे, टोपी उलटी चढवून आंधळ्या केलेल्या गड्याला बाकीचे गाठी मारलेल्या टोप्यांनी बडवताहेत ते. त्यामागचा मजकूर सलग वाचता आला, आणि स्कॅन केलेल्या प्रतीशी पान जुळलं. मग क्लब-बॉलऐवजी आधी कोशिंबिरीचीच तिहेरी चौकट करावी का? रंगाचा घोळ तरी नाही. हो, तेच करतो.

माउंटला जपानी टिश्यू आणि गव्हाची खळ. फ्रेमवाले काका पुठ्ठ्याला पांढरा गोंद लावायला निघाले होते, त्यांना हात जोडले. पुण्यात पाऊस असेपर्यंत चौकट बंद करणार नाही, दमट हवा आत कोंडली तर तांबूस ठिपके ठरलेले. कुणाकडे इन्फ्रारेड फोटोसाठीचा ७२० नॅनोमीटरचा फिल्टर पडून असेल तर कळवा, दसऱ्याच्या आत परत करतो.