आधी खोलू, मग भाव बोलू: आमच्या गिअरबॉक्सच्या कामाची वाटचाल

नागपुरात कामठी रोडवर, ऑटोमोटिव्ह चौकाच्या थोडं पुढे आमचं गॅरेज आहे. आम्ही डेंटिंग करत नाही, पेंटिंग करत नाही, एसीचा गॅस भरत नाही. गिअरबॉक्स, क्लच आणि त्यांना लागून जे येतं तेवढंच काम. त्यामुळे आमच्या दारात येणारी गाडी बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी "गिअरबॉक्स गेला, नवीन टाका" असं सांगून झाल्यावर येते. मालकाच्या हातात कोटेशनचा कागद असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, रिपेअर होईन का बदलावाच लागन?" या एका प्रश्नाचं खरं उत्तर देता यावं म्हणून कामाची जी पद्धत बसत गेली, तीच इथे लिहितो आहे.

सुरुवात वडिलांची. ते उमरेडकडे कोळशाच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे फिटर होते. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या) खाणीतून भरून निघालेले ट्रक खाणीच्या रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासन् तास रेटत चालायचे. ट्रक उभा राहिला की मालकाचा धंदाच उभा, म्हणून गिअरबॉक्स रात्रीतून खोलून सकाळी बसवायचा हा तिथला रिवाज. १९९४ मध्ये त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. तेव्हा ॲम्बेसेडर, पद्मिनी, जीप, मारुती ८०० यायच्या. अख्खा नवीन गिअरबॉक्स विकत घ्यायचा विचारसुद्धा कुणाच्या डोक्यात नसायचा. बेअरिंग बदला, झिजलेला गिअर बदला, ऑइल सील टाका, गाडी रस्त्यावर. मात्र वडिलांचा एक नियम पक्का होता: बंद डब्याचा भाव करायचा नाही. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, गिअरबॉक्स टेबलावर उघडा पडल्याशिवाय ते आकडा सांगायचे नाहीत.

मी आयटीआय करून त्यांच्या हाताखाली आलो तेव्हाही काम जवळपास तसंच होतं. खरा बदल झाला तो २०१४ नंतर. त्या वर्षी मारुतीची सेलेरिओ एएमटी (गिअरबॉक्स साधाच, पण क्लच-गिअरचं काम यंत्र करतं) आली आणि क्लच पेडल नसलेली गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. मागोमाग सीव्हीटी, ड्युअल क्लच, टॉर्क कन्व्हर्टर अशा इतर ऑटोमॅटिक प्रकारांच्या गाड्याही रामदासपेठ, धरमपेठेतून आमच्याकडे यायला लागल्या. वर्धा रोडवर मेट्रोचं काम चालू होतं तेव्हा अर्धा क्लच दाबून रांगेत सरकणाऱ्या गाड्यांच्या क्लच प्लेटा तर आम्ही सारख्याच बदलत होतो. आम्ही स्कॅनर घेतला. मागच्या खोलीला काच लावून, एसी बसवून ती बंद केली, कारण ऑटोमॅटिकच्या वॉल्व्ह बॉडीतल्या, म्हणजे ऑइलचा दाब हव्या त्या गिअरकडे वळवणाऱ्या भागातल्या, बारीक वाटांत धुळीचा कण अडकला तरी गिअर नीट पडत नाही आणि कामठी रोडच्या धुळीबद्दल मी काय सांगू! जॉब कार्ड आणि हिशेब माझ्या बायकोने हातात घेतले, तेव्हापासून प्रत्येक गाडीचा कागद शिस्तीत लागलेला असतो.

"बदला" हा सल्ला वाढला तोही याच काळात. त्यामागचं कारण समजून घ्यायला हवं. मोठ्या सर्व्हिस सेंटरला अख्खा गिअरबॉक्स बदलणं सोयीचं असतं. आत हात घालणारा मिस्त्री लागत नाही, काम दोन दिवसांत होतं आणि वॉरंटी बिनधास्त देता येते. गाडी वॉरंटीत असेल तर मीसुद्धा सांगतो, कुठेही खोलू नका, सरळ कंपनीकडे जा. प्रश्न येतो तो आठ-दहा वर्षं चाललेल्या गाडीचा. तिथे नव्या गिअरबॉक्सचं कोटेशन कधी कधी गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर जातं आणि माणूस म्हणतो, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे गिअरबॉक्स खरंच गेला आहे का, हे पाहणं. ट्रायलला मी किंवा आमचे हेड मिस्त्री स्वतः जातो आणि मालकाला शेजारी बसवतो. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, घूं घूं आवाज येतोय आणि क्लच दाबला की बंद होतो, तर बहुधा इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनाची ताकद आत आणणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, ते गिअरबॉक्सच्या बाहेर असतं. रेस वाढते पण गाडी ओढत नाही, ही तक्रार मॅन्युअल गाडीत बहुतेक वेळा क्लच प्लेटची निघते. एकाच गिअरमध्ये टाकताना करकर होते, बाकी सगळे गिअर लोण्यासारखे पडतात, तर त्या एका गिअरची सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणारी पितळी कडी, झिजलेली असते. एएमटी गाडी मेच्या उन्हात पार्किंगमधून हलतच नाही, म्हणून टो करून आणलेली असते आणि दोष निघतो ब्रेक पेडलच्या स्विचमध्ये किंवा मरायला टेकलेल्या बॅटरीत. गिअरबॉक्स तसाच सीलबंद, आणि मालक मात्र कर्ज काढायच्या तयारीत! अशी गाडी स्विच बदलून परत पाठवताना मला जितका आनंद होतो तितका मोठ्या बिलाने होत नाही.

मग ऑइल. आमच्याकडे पांढऱ्या इनॅमलच्या थाळ्या आहेत, त्या दुसऱ्या कशालाही वापरू देत नाही. ड्रेन प्लग उघडून पहिलं पेलाभर ऑइल थाळीत घ्यायचं, गाडी उन्हात काढून थाळी तिरपी करायची आणि मालकाला बोलवायचं. प्लगच्या मॅग्नेटवर राखाडी लेप असेल, बोटांत घासला तर मऊ लागत असेल, तर ती रोजची झीज, घाबरायचं कारण नाही. बोटाला टोचणारी चकचकीत लोखंडी कपची आली तर बेअरिंगचा किंवा गिअरच्या दाताचा तुकडा समजायचा. मॅग्नेटला न चिकटणारे, ऑइलमध्ये तरंगणारे पिवळे सोनेरी कण म्हणजे सिंक्रो रिंगचं पितळ. हे कण खूप दिसले की मी आधी विचारतो, मागच्या वेळी ऑइल कुणी टाकलं होतं? ज्या गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल लागतं त्यात जीएल-५ टाकलं तर त्यातली गंधकाची द्रव्यं पितळाला खाऊ शकतात. डब्यावर "हेवी ड्यूटी" लिहिलंय म्हणून ते भारी, असं होत नाही. ऑटोमॅटिकचं ऑइल वासावरूनही कळतं. काळं पडलेलं आणि जळका वास मारणारं ऑइल म्हणजे आतल्या क्लच प्लेटा भाजल्या.

इतकं पाहूनही गिअरबॉक्स उतरवावा लागला तर उतरवून, खोलून, तपासायचे पैसे आम्ही वेगळे घेतो. ही रक्कम आधी लिहून देतो, आणि काम आमच्याकडेच केलं तर ती बिलातून वजा होते. सुरुवातीला यावर फार बोलणी खाल्ली. "नुसतं पाहायचे पैसे कायचे?" असं म्हणून लोक शेजारच्या गॅरेजला जायचे, कारण तिथे फोनवरच आकडा मिळायचा. पण मला हे पटलेलं आहे: तपासणी फुकट असेल तर मिस्त्रीचा पगार मोठ्या कामातूनच निघणार, आणि मग त्याला प्रत्येक गाडीत मोठंच काम दिसणार. तपासणीचे पैसे घेतले की "काही करायची गरज नाही" हे सांगायला त्याची जीभ अडत नाही. खोललेले पार्ट ट्रेमध्ये क्रमाने मांडतो, खराब पार्टवर लाल खडूची खूण करतो आणि मालक येऊन पाहून जाईपर्यंत कशालाही हात लावत नाही. जे गावाला असतात त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवतो.

एक निवृत्त शिक्षिका मानेवाड्याहून आपली जुनी हॅचबॅक घेऊन आल्या होत्या. त्यांना नवा गिअरबॉक्स सांगितलेला. खोलला तर इनपुट शाफ्टची बेअरिंग खडबडीत झालेली, तिसऱ्याची रिंग झिजलेली, बाकी गिअरचे दात एकदम स्वच्छ. मॅडमनी चष्मा पुसून एकेक दात बोटाने चाचपून पाहिला आणि मगच हो म्हणाल्या. बेअरिंग, रिंग, सगळी सील आणि ऑइल मिळून खर्च नव्याच्या चौथ्या हिश्श्यात बसला.

याच्या उलट समृद्धीवर नागपूर-शिर्डी चालणारी एक टॅक्सी. डिसेंबर २०२२ मध्ये तो ५२० किलोमीटरचा पट्टा सुरू झाल्यापासून तासन् तास टॉप गिअरमध्ये एका दमात पळणाऱ्या गाड्या आमच्याकडे येऊ लागल्या. बऱ्याच छोट्या गाड्यांत पाचवा गिअर शाफ्टच्या टोकाला, वेगळ्या कव्हरखाली असतो. ऑइल कमी झालं की उपाशी राहणारा पहिला तोच. या गाडीत ड्राइव्ह शाफ्टचं सील गळत होतं, ऑइल खाली खाली गेलं, पाचव्याचे दात उडाले आणि त्या तुकड्यांनी हाउसिंगला, म्हणजे गिअरबॉक्सच्या कवचाला, तडा गेला. दात बदलता येतात. तडा गेलेल्या हाउसिंगवर वेल्डिंग करून बेअरिंगची बैठक सरळ राहील याची हमी मी देणार नाही. त्यात गाडी उभी राहण्याचा प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेली कमाई. त्या भाऊला मी स्पष्ट सांगितलं, रिपेअरमध्ये पैसे घालू नको, दुसरा बसव. अपघाती गाडीतून काढलेला चांगला गिअरबॉक्स मिळाला, तो खोलून, सील बदलून बसवला.

काढलेला गिअरबॉक्स घेताना डोळे उघडे ठेवावे लागतात. कुर्ला असो की दिल्लीचं मायापुरी, तिथून येणारा माल बाहेरून धुऊन चकचकीत केलेला असतो. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीत गिअरचं गुणोत्तर वेगळं असू शकतं, त्यामुळे हाउसिंगवरचा कोड जुळवल्याशिवाय आम्ही पैसे सोडत नाही. माल कुठून आला त्याचं बिल हवंच. आरसीवर इंजिन आणि चासी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, म्हणून आरटीओत नोंद बदलावी लागत नाही. पण ऑटोमॅटिक असेल तर नुसता बसवून भागत नाही. स्कॅनर लावून कंट्रोल युनिटला त्याची ओळख करून द्यावी लागते, नाहीतर झटके खात चालतो.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली, अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्यानंतर कितीतरी आठवडे आमच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गिअरबॉक्सला हवा खेळायला वर एक छोटी नळी असते, ब्रीदर म्हणतात. पाणी तिथून आत जातं. ऑइल काढलं की दुधाळ येतं. मॅन्युअल गाड्यांतल्या बऱ्याचशा वाचल्या: लगेच ऑइल काढलं, नवं टाकून थोडं चालवलं, पुन्हा काढलं. ज्यांनी "सुकेल आपोआप" म्हणून दिवाळीपर्यंत वाट पाहिली त्यांच्या बेअरिंगना गंज धरला. ऑटोमॅटिकची गोष्ट निराळी. आतल्या क्लच प्लेटांचं अस्तर कागदी धाटणीचं आणि गोंदाने चिकटवलेलं असतं. पाणी लागलं की ते फुगतं, सुटतं. तिथे नुसतं ऑइल बदलून देणं म्हणजे माणसाला आशेला लावणं झालं असतं. खोलून सगळा क्लच सेट टाकायचा किंवा अख्खा बदलायचा, दोनच वाटा. ज्यांच्या पॉलिसीत इंजिन-गिअरबॉक्सचं जादा संरक्षण होतं आणि ज्यांनी पाण्यात सेल्फ मारला नव्हता, त्यांना आम्ही खोललेल्या पार्टचे फोटो आणि लेखी रिपोर्ट बनवून दिला.

काही गाड्यांना मात्र मी दोन्ही नको म्हणतो. एका डॉक्टरसाहेबांची ऑटोमॅटिक सेडान होती, पंधरा वर्षांला टेकलेली. क्लच प्लेटा भाजलेल्या, टॉर्क कन्व्हर्टर खराब, शिवाय इंजिन ऑइल खात होतं. पुढच्या वर्षी फिटनेस, रजिस्ट्रेशन नूतनीकरणाची ५,००० रुपये फी आणि पर्यावरण कर समोर उभा. गिअरबॉक्स सुधारला असता, पण गाडी सुधारली नसती. आहे तशी विका म्हणालो. त्यांना वाईट वाटलं, वडिलांची शेवटची गाडी होती ती.

हिशेबाच्या बाजूने अलीकडे एक गोष्ट गिऱ्हाइकाच्या बाजूने झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्पेअर पार्टवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. आधी बऱ्याच पार्टवर तो २८ होता. बिलात जीएसटी नको म्हणणारे आजही भेटतात. आम्ही कच्चं बिल देत नाही, कारण आमची सहा महिन्यांची वॉरंटी त्याच कागदावर लिहिलेली असते.

एक आग्रहाचं सांगणं. ऑटोमॅटिकचं ऑइल "लाइफटाइम" असतं, असं ऐकून लोक ते कधीच बदलत नाहीत. झेडएफ ही जगभरच्या गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी जर्मन कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान, फार तर आठ वर्षांत, ऑइल बदला म्हणते. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, सिग्नलवर खालून सिमेंट रोडची धग येते. उष्णतेने ऑइल लवकर म्हातारं होतं, म्हणून नागपुरात या मर्यादेच्या अलीकडच्या टोकालाच बदललेलं बरं, असं माझं मत आहे. ऑइल मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. सीव्हीटीत साधं ऑटोमॅटिकचं ऑइल टाकून आणलेली गाडी पाहिली की जीव तुटतो.

आता आमच्याकडे आयटीआय झालेली दोन नवी मुलं मागच्या खोलीत वॉल्व्ह बॉडी शिकत आहेत. वडील रोज संध्याकाळी येतात, ट्रेमधले पार्ट पाहतात आणि एखादं बेअरिंग कानाशी फिरवून ठेवून देतात.

तुमची गाडी आणायची असेल तर जुनी बिलं सोबत घ्या, ऑइल शेवटचं कधी आणि कोणतं टाकलं ते कळेल. ऑटोमॅटिक बंद पडली असेल तर दोरी लावून ओढू नका. इंजिन बंद असताना आतला पंप फिरत नाही आणि कोरडे भाग घासतात, म्हणून फ्लॅटबेडवरच चढवा. आणि येण्याआधी "जरा स्वच्छ करून नेऊ" म्हणून ऑइल बदलून आणू नका. आतली अर्धी हकिगत त्या जुन्या ऑइलमध्येच असते.