बाबाचे क्रियापद

माझ्या साडेचार वर्षांच्या मुलाने गेल्या महिन्यात मला विचारले, "बाबा, तू लहान असताना शाळेत कसा जायचास?" प्रश्न साधा होता, तरी मी थबकलो, कारण त्याचे उत्तर मराठीत द्यायचे तर पहिल्याच वाक्यात क्रियापदाला लिंग द्यावे लागते. "चालत जायचो" म्हणावे की "चालत जायचे"? ज्या वयाबद्दल तो विचारत होता त्या वयात घरीदारी सगळे मला मुलगी समजत होते, माझ्या दोन वेण्या घालत होते, आणि मीही तोंडाने "जायचे" असेच म्हणत होतो.

मी पारलिंगी पुरुष आहे, म्हणजे जन्मल्यावर मुलगी मानला गेलेला पुरुष. हा शब्द आपल्याकडे अनेकांना अनोळखी वाटतो. "तृतीयपंथी" म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते आणि त्या चित्रात माझ्यासारखे पुरुष बहुधा नसतातच. इंग्लंडमध्ये येऊन मला 12 वर्षे झाली आणि पुरुष म्हणून उघडपणे जगण्याकडचे माझे संक्रमणही इथेच झाले. इथल्या भाषेत "मी गेलो" आणि "मी गेले" यांत फरक नसल्यामुळे स्वतःबद्दल बोलताना कशाचाही पुरावा द्यावा लागत नाही. मातृभाषेत मात्र वाक्यागणिक साक्ष द्यावी लागते.

आईला मी पहिल्यांदा फोनवर "पोहोचलो" असे म्हणालो, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "बरं. जेवण झालं का?" त्यानंतरची जवळजवळ दोन वर्षे ती माझ्याशी अशाच वाक्यांत बोलत राहिली: "तब्येत बरी ना?", "निघणं कधी होणार?", "झोप लागते का?" मराठीत कर्त्याला बाजूला ठेवून इतके काही बोलता येते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. तिने मला "अगं" म्हणणे सोडले होते, पण "अरे" अजून तिच्या तोंडी येत नव्हते. ते आले आमचे मूल जन्मले त्या रात्री. व्हिडिओवर नातवाचे तोंड पाहता पाहता ती एकदम म्हणाली, "अरे, तू झोपलास तरी का?" आपण काय बोललो हे तिला कळले की नाही, मी कधी विचारले नाही.

ओळखीची माणसे आडवळणाने विचारतात की मूल झाले कसे. माझ्या पत्नीने परवानाधारक केंद्रात दात्याच्या शुक्राणूंच्या साहाय्याने गर्भ धारण केला. इथल्या 2008 च्या मानवी फलन व भ्रूणशास्त्र कायद्यानुसार अशा उपचारांत पतीची संमती नव्हती असे दिसून आले नाही, तर कायद्याने तोच पिता ठरतो. मी लग्नाआधीच 2004 च्या लिंग-ओळख कायद्याखालील, मला कायद्याने पुरुष ठरवणारे प्रमाणपत्र घेतले होते. त्यासाठी शस्त्रक्रियेची अट नाही. वैद्यकीय निदान, दोन वर्षे त्या ओळखीने जगल्याचे पुरावे आणि आयुष्यभर तसेच राहण्याचे प्रतिज्ञापत्र लागते. नोंदणीच्या टेबलापाशी त्यामुळे काहीच घडले नाही. पित्याच्या रकान्यात माझे नाव लिहिले गेले आणि आम्ही दहा मिनिटांत बाहेर पडलो. इतकी वर्षे ज्या क्षणाची धास्ती घेतली होती तो इतका रटाळ निघावा, याचे मला थोडे वाईटही वाटले.

हेच मूल मी स्वतः जन्माला घातले असते तर? माझ्यासारखे पुरुष घेतात त्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाने पाळी बहुधा थांबते, पण ते गर्भनिरोधक नव्हे. औषध थांबवल्यावर अनेकांचे चक्र पुन्हा सुरू होते आणि काही पारलिंगी पुरुष त्या काळात स्वतः गर्भ धारण करतात. गर्भारपणात मात्र ते औषध घेता येत नाही, कारण गर्भाला त्यापासून अपाय होऊ शकतो. फ्रेडी मॅकॉनेल या इथल्याच पारलिंगी पत्रकाराने 2018 मध्ये असेच मूल जन्माला घातले आणि दाखल्यावर आपली नोंद "पिता" किंवा "पालक" अशी व्हावी म्हणून न्यायालयात दाद मागितली. कायद्याच्या लेखी ते पुरुष होते. तरीही 2019 मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला की जो गर्भ धारण करतो आणि जन्म देतो त्याचे कायद्यातील नाव "आई" हेच, मग त्याचे लिंग कोणतेही असो. 2020 मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने पुढील अपिलाला परवानगी नाकारली. म्हणजे एकाच देशात, एकच प्रमाणपत्र खिशात असलेले दोन पुरुष, आणि त्यांतला ज्याने नऊ महिने पोटात मूल वाढवले तोच कागदावर बाप होऊ शकत नाही. मला हा न्याय उलटा वाटतो. स्वीडनमध्ये 2019 पासून अशा पुरुषाची नोंद पिता म्हणूनच होते, आणि आपल्याकडे केरळ उच्च न्यायालयाने 2025 मध्ये एका पारलिंगी जोडप्याच्या मुलाच्या दाखल्यावर आई-वडिलांऐवजी नुसते "पालक" लिहिण्याची मुभा दिली, हे वाचून मला मनापासून बरे वाटले.

खरे सांगायचे तर, "बाबा पूर्वी मुलगी समजला जायचा" हे मुलाला सांगणे मला कधी जड गेले नाही. जड गेले ते दात्याबद्दल सांगणे. 1 एप्रिल 2005 नंतरच्या दात्यांची ओळख इथे मुलाला अठराव्या वर्षी मागता येते, त्यामुळे लपवण्याला तसाही अर्थ नाही. तरीही "तुला घडवायला आणखी एका माणसाची मदत झाली" हे वाक्य मी पत्नीवर ढकलत राहिलो. तिने ते एका संध्याकाळी मुलाचे मोजे शोधता शोधता सांगून टाकले. त्याने "बरं" म्हटले आणि दुसरा मोजा मागितला.

आता त्या शाळेच्या प्रश्नाकडे येतो. मी म्हणालो, "चालत जायचो." खोटे बोललो असे मला वाटले नाही, कारण चालणारा मीच होतो. मग त्याने अल्बम काढायला लावला. दोन वेण्यांच्या फोटोतला माणूस कोण हे त्याला ठाऊक आहे. त्याने फोटोतल्या रिबिनीवर बोट ठेवले.

"तुला आवडायची ही?"

"नाही."

"मग आजीला सांगायचं ना."

"सांगितलं," मी म्हणालो, "पण बराच मोठा झाल्यावर." त्याला ते फारसे पटलेले दिसले नाही, पण त्याने पान उलटले.